पसंतीचा कठडा

“त्रिशला, खाली ये गं. खांब आलाय!”

आण्णांनी जिन्याच्या तळाशी उभं राहून अशी काही हाक मारली, की ऐकणाऱ्याला वाटावं दारात वरातच आली आहे. मी वरच्या खोलीतून निघाले आणि भिंतीच्या कडेकडेनं उतरू लागले. दुसऱ्या बाजूला धरायला काही नव्हतंच. आमचं जयसिंगपूरचं घर बांधून झालं होतं, रंग लागला होता, वास्तू होऊन आम्ही राहायलाही आलो होतो. पण जिन्याला कठडा नव्हता. कल्लाप्पा मेस्त्रींनी त्या जागी एक बांबू आडवा बांधून ठेवला होता आणि त्याला कुणी धरायचं नाही, अशी सगळ्यांना ताकीदही देऊन ठेवली होती.

खाली मेस्त्री खांद्यावरच्या टॉवेलनं एक कातीव खांब पुसत बसले होते. मूळचे ते बेळगावकडचे. त्यांच्या कानडी वळणाच्या मराठीत जगातली प्रत्येक वस्तू ‘ते’ होती.

“बघा आक्का. दांडेलीचं सागवान. लेथवर कातून आणलंय. असलं खांब गावात कुणाच्या घरात नाही.”

खांब कमरेएवढा उंच होता. मध्ये तांब्यासारखा फुगवटा, त्याच्या वर-खाली कोरलेली कडी.

“बोल,” आण्णा म्हणाले. “तू हो म्हटल्याशिवाय काम पुढं सरकायचं नाही.”

हे ते मला सांगत नव्हते. खुर्चीत बसलेल्या शेजारच्या कुगे मास्तरांना सांगत होते. आण्णांचं खत-बियाणांचं दुकान होतं, आणि दुकानापेक्षाही एका गोष्टीसाठी त्यांचं नाव पंचक्रोशीत झालं होतं: भूपाल मगदूम मुलीला विचारल्याशिवाय घरात खिळासुद्धा ठोकत नाहीत. हे नाव त्यांनी स्वतःच केलं होतं, पण खोटं नव्हतं. फरशीचा रंग मी निवडला होता. खिडक्यांच्या गजांची नक्षी मी निवडली होती. परसातला कपडे धुवायचा दगड कुठं बसवायचा हेही मीच सांगितलं होतं, आणि कपडे धुणाऱ्या आईनं ते मान हलवून ऐकून घेतलं होतं.

“मधला फुगवटा बेंगरूळ दिसतोय,” मी म्हणाले. “आणि त्या कड्यांच्या खाचेत धूळ बसणार.”

“ऐकलंत का मास्तर? धूळ!” आण्णांचा चेहरा फुलला. “आपल्या ध्यानात तरी आलं असतं का? फार चिकित्सक पोरगी! मेस्त्री, दुसरा करा.”

मेस्त्रींनी खांब पुन्हा पोत्यात गुंडाळला. त्यांच्या मते धूळ ही सगळीकडेच बसत होती.

या कठड्याशी माझा काय संबंध होता ते आधी सांगते. माझी थोरली बहीण, आमची ताई, हिला बघायला पाहुणे आले तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पाहुण्यांचे गुडघे एकमेकांना लागत होते आणि ताईला पोह्यांचा ट्रे घेऊन त्या गुडघ्यांमधून वाट काढावी लागली होती. ती गोष्ट आण्णांच्या जिव्हारी लागली. पुढं साखर कारखान्याच्या एका डायरेक्टरच्या बंगल्यावर त्यांनी एक लग्न ठरताना बघितलं. तिथली मुलगी जिन्यावरून, एक हात चकचकीत कठड्यावर ठेवून, सावकाश उतरत आली. त्या दिवशी आण्णांनी ठरवून टाकलं, की आपली धाकटी अशीच उतरेल. घराचा नकाशा त्या जिन्याभोवती काढला गेला. तेव्हा घरात बोलून झालं होतं: कठडा बसला, की पाहुण्यांना बोलवायचं. पाहुणेही ठरलेले होते, निपाणीचे तंबाखूवाले चौगुले.

पहिल्या खांबाला मी नाही म्हणाले तेव्हा माझ्या मनात काही काळंबेरं नव्हतं. तो फुगवटा खरोखरच बेंगरूळ होता. पण त्याच संध्याकाळी आण्णा आईला म्हणाले, “चौगुल्यांना कळवतो, कठड्याला अजून वेळ हाय म्हणून,” आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

मला लग्न करायचं नव्हतं असं मुळीच नाही. बी.एस्सी. होऊन घरी बसले होते, पापडाचं पीठ मळून कंटाळले होते. पण ताईचं लग्न मी जवळून बघितलं होतं. ती पोहे ठेवून आत आली, पाण्याचा तांब्या भरून घेतला, आणि तेवढ्यात बाहेर सुपारी फुटली. तिला कुणी काही विचारलंच नाही. ताई सुखात होती. तिला विचारलं तर तीही तसंच सांगायची, फक्त सांगण्याआधी जरा थांबायची. मला एवढंच हवं होतं, की फरशीबद्दल विचारतात तसं नवऱ्याबद्दलही मला कुणी विचारावं, आणि मी नाही म्हणाले तर ते नाही धरलं जावं. पण हे आण्णांना सांगायची सोय नव्हती. त्यांच्या मते ते मला सगळं विचारतच होते.

दुसरा नमुना आला तो चौकोनी, अगदी साधा. “हा शाळेतल्या बाकाचा पाय वाटतोय,” मी म्हणाले. आण्णांनी हे वाक्य दुकानात युरिया न्यायला आलेल्या गिऱ्हाइकांना ऐकवलं.

तिसऱ्या खेपेला मेस्त्री इरेला पेटले. खांबाचा नादच सोडून त्यांनी एक सबंध फळी कोरून आणली. समोरासमोर दोन मोर, मध्ये कमळ. एकेका पिसावर त्यांनी जीव ओतला होता, आणि खरं सांगायचं तर ती फळी सुंदर होती. जिन्यावर मात्र ती भयंकर दिसली असती.

“मोराची चोच पदरात अडकणार,” मी म्हणाले.

मेस्त्रींनी टॉवेल झटकला. “आक्का, मोर म्हटल्यावर त्याला चोच असतंय की. बिनचोचीचं मोर मी कुठनं आणू?”

“ते काही नाही,” आण्णा म्हणाले. “तिला पसंत नाही म्हणजे नाही.”

“मला विचाराल तर,” आई सैपाकघराच्या दारातून म्हणाली, “वरची दांडी तेवढी रुंद करा. वाकळा वाळत घालायला बरी पडंल.”

तिला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळं उत्तरही कुणी दिलं नाही. मोरांची फळी मात्र तिनं मागून घेतली आणि देवघराच्या दाराला लावली.

पावसाळा असाच गेला. मी नाही म्हणत होते आणि आण्णा माझ्या प्रत्येक नाहीनं फुलत होते. निपाणीहून विचारणा व्हायची आणि आण्णा अभिमानानं सांगायचे, की मुलीला अजून कठडा पसंत पडायचाय. मला वाटायला लागलं, की नाही म्हणणं ही काय सोपी गोष्ट आहे! लोक उगाच घाबरतात. आईला मात्र संशय आला होता. शेंगा फोडता फोडता एकदा ती म्हणाली, “किती दिवस लाकडाला नावं ठेवशील गं?” मी म्हणाले, “लाकूडच चांगलं नाही.” ती म्हणाली, “लाकडाचंच बोलालो मी.” आणि पुन्हा शेंगा फोडायला लागली.

दिवाळी झाली आणि मेस्त्री परत आले. या खेपेला त्यांच्या हातात खांब नव्हता, नुसता वरच्या दांडीचा एक तुकडा होता.

“आधी हे धरून बघा,” ते म्हणाले. “बघायचं नंतर.”

मी उत्तर तयार ठेवूनच उतरले होते. जाड आहे म्हणणार होते. आणि जाड नसलीच, तर बारीक आहे म्हणणार होते. मी दांडी हातात घेतली. वरून ती तळहाताला भरीव लागत होती, खालून दोन्ही बाजूंनी बोटांपुरती खाच होती. मूठ आपोआप मिटली. लाकूड थंड नव्हतं आणि गुळगुळीत असूनही निसटत नव्हतं. माझा हात त्यावरून पुढं गेला, मागं आला.

“हा,” मी म्हणाले.

तोंडातून शब्द निघून गेल्यावर मला कळलं, आपण काय बोलून बसलो. इतके महिने ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि एका चांगल्या दांडीनं माझं सगळं राजकारण धुळीला मिळवलं. खालचे खांब मेस्त्रींनी कागदावर काढून दाखवले, सडपातळ, मध्ये एकच कडी. तेही मला आवडले. चांगल्या कामाला वाईट म्हणायला जीभ रेटेना. मेस्त्रींनी देवघराकडं बघून हात जोडले. आण्णा म्हणाले, “बघा, शेवटी पारख ती पारख!” आणि त्याच दिवशी निपाणीला निरोप गेला.

कठडा बसला, त्याला पॉलिश झालं. चार दिवस घरात पॉलिशचा वास होता आणि कुणालाही त्याला हात लावायची परवानगी नव्हती. म्हणजे बांबू होता तेव्हाही धरायचं नाही आणि कठडा आला तरी धरायचं नाही. आम्ही सगळे पूर्वीसारखेच भिंतीच्या कडेनं चढत-उतरत राहिलो.

पाहुणे यायच्या दिवशी दुपारपासून आण्णा दिग्दर्शन करत होते.

“तू वर थांबायचं. मी खाकरलो की निघायचं. एक हात कठड्यावर. पायाकडं बघायचं नाही.”

“आणि पोहे?” आईनं विचारलं.

“पोहे घेऊनच उतरेल की.”

“सैपाकघर खाली हाय. वरनं पोहे कुठनं आणंल ती?”

एवढा नकाशा काढला होता, पण ही गोष्ट आण्णांच्या ध्यानातून सुटली होती. मग त्यांनी तोडगा काढला: पोहे आणि चहा आधीच वर नेऊन ठेवायचे. त्याप्रमाणं मी जरीची साडी नेसून, भरलेला ट्रे घेऊन वरच्या खोलीत जाऊन बसले. चौगुल्यांनी चार वाजता येतो म्हणून कळवलं होतं. चार वाजून गेले. चहावर साय धरली. पोहे ताठ झाले. गाडी वाटेत बंद पडली होती म्हणे. ते पोचले तेव्हा उन्हं उतरली होती, आणि थंडीच्या दिवसांत आमच्याकडं सूर्य मावळायला फार वेळ लागत नाही.

आम्ही जैन. सूर्य मावळल्यावर आमच्या घरात जेवत नाहीत. आण्णा दुकानात कधीमधी अंधार पडल्यावर चहाला फशी पडायचे, पण ते उंबऱ्याबाहेर. मुलाची आई, चौगुलेकाकी, तर त्याहून कडक. दिवस बुडाल्यावर त्या पाण्याचा थेंबही घेत नसत. त्यामुळं त्या दारातून आत आल्या त्याच खिडकीकडं बघत. “आधी पानं घ्या,” त्या म्हणाल्या. “बघणं-बोलणं मग.”

आण्णा खाकरायचं विसरले. आईनंच खालून ओरडून सांगितलं, “त्रिशला, ये लवकर, पानं वाढायचीत!” मी ट्रे दोन्ही हातांनी धरून धावत खाली आले. कठड्याला माझं बोटही लागलं नाही. पण त्याचं कुणाला काही वाटलं नाही, कारण माझ्याकडं कुणी बघतच नव्हतं. मुलाचे वडील बाबासाहेब चौगुले कठड्यापाशी उभे होते. त्यांचंही निपाणीत घर बांधणं चाललं होतं.

“हे सागवान कुठलं?” त्यांनी दांडीवरून हात फिरवला. “वा! मुठीत कशी बसतीय बघा.”

“दांडेली,” आण्णा म्हणाले. त्यांना स्वर्ग दोन बोटं उरला होता. “पण खरी गोष्ट ती नाही. कठडा हिच्या पसंतीचा. उन्हाळ्यापासनं चाललं होतं. एकेक नमुना यायचा आणि ही नाही म्हणायची. म्हटलं, तुझ्या मनास येईपर्यंत थांबायचं. आमच्यात मुलीवर कशाची जबरदस्ती नाही.”

“हेच पाहिजे,” बाबासाहेब म्हणाले. “आजकाल कोण विचारतंय मुलींना?”

मी हातात भाकरीची बुट्टी घेऊन उभी होते. मला हसावं की ती बुट्टी खाली आपटावी ते कळेना.

जेवणं घाईघाईत झाली. मुलाचं नाव अभिनंदन. तो पानात बघून जेवत होता. मी त्याला दोनदा आमटी वाढली; त्याचा भांग तेवढा मला नीट दिसला. हात धुतल्यावर काकींनी मला पुढ्यात बसवलं. शिक्षण विचारलं, चतुर्दशीचा उपवास झेपतो का विचारलं. मग त्या बाबासाहेबांकडं बघून मान हलवून मोकळ्या झाल्या.

“आमची पसंती हाय,” बाबासाहेब म्हणाले. “साखर वाटून टाकू. पण वाटायची तर आत्ताच. दिवस बुडला तर आमच्या हिच्या तोंडात साखर जायची नाही.”

“साखर! साखर आणा!” आण्णा उठून उभेच राहिले. कठड्यासाठी त्यांनी मला उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळी दिली होती. नवऱ्यासाठी सूर्याच्या शेवटच्या कडेएवढा वेळ होता, आणि तोही मला कुणी विचारून दिलेला नव्हता. ताईचा पाण्याचा तांब्या माझ्या डोळ्यांपुढं आला.

आई स्टीलच्या वाटीत साखर घेऊन आली. काकी म्हणाल्या, “चांदीची न्हाई का? आमच्यात पहिली साखर चांदीच्या वाटीतनंच देत्यात.”

“हाय की,” आई म्हणाली. “वरच्या खोलीत, कपाटात. जा गं त्रिशला, पळत जा.”

मी पळतच गेले. वाटी सापडली, पदरानं पुसली. जिन्याच्या वळणावर पश्चिमेची खिडकी होती. तिथून उसाच्या फडावर टेकलेला सूर्य दिसत होता. मी खिडकीत थांबले. मग उजवा हात दांडीवर ठेवला, डाव्या हातात वाटी धरली, आणि उतरू लागले. सावकाश. एका पायरीवर दोन्ही पाय आल्याशिवाय पुढची पायरी घ्यायची नाही. मान ताठ, पायाकडं बघायचं नाही. मी हे पूर्ण जाणूनबुजून करत होते.

खाली सगळे माना वर करून बघत होते. आण्णांचा चेहरा मला स्पष्ट दिसला. त्यांना ओरडून सांगायचं होतं, लवकर ये. पण ज्या उतरण्यासाठी त्यांनी घर बांधलं, ते उतरणं अखेर त्यांच्यासमोर चाललं होतं, आणि पाहुणे तोंडात बोट घालून ते बघत होते. त्यांना ‘लवकर’ म्हणवेना.

“किती शांत उतरती पोरगी,” काकी कौतुकानं म्हणाल्या. मग त्यांनी खिडकीकडं बघितलं. “गेला की!”

आण्णा दाराबाहेर जाऊन बघून आले. सूर्य मावळला होता. आई साखरेची वाटी तशीच हातात धरून उभी राहिली.

“असू दे,” बाबासाहेब म्हणाले. “एवढ्यानं काय होतंय? पुढच्या रविवारी येतो. सकाळीच येतो.” निघताना त्यांनी पुन्हा एकदा दांडीवरून हात फिरवला.

पाहुणे गेले. दिवे लागले. आण्णा जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले होते. मी ताटं उचलून जाऊ लागले तशी त्यांनी हाक मारली.

“खिडकीत का थांबली होतीस? मी खालनं बघितलं.”

मी ताटं पुन्हा खाली ठेवली.

“सूर्य बघत होतीस?”

“व्हय.”

आण्णांना राग आला होता, पण त्याहून जास्त ते गोंधळले होते. “मी तुला कशाला नाही म्हटलंय? फरशी तुझ्या मनासारखी. कठडा तुझ्या मनासारखा. मेस्त्री येडा व्हायची पाळी आली. कधी एका शब्दानं बोललो?”

“नाही.”

“मग?”

“कठडा कसा वाटला म्हणून तुम्ही मला चार वेळा विचारलंत, आण्णा,” मी म्हणाले. “आज पाहुणे जेवून गेले. मुलगा कसा वाटला, म्हणून विचारलंत?”

आण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग एखादा नवीन शब्द उच्चारून बघावा तसं त्यांनी विचारलं, “कसा वाटला?”

“बघितला नाही नीट,” मी म्हणाले. “आमटी वाढत होते.”

आण्णा उठले. “बरं,” म्हणाले. “रविवारी बघ.”

रविवारी चौगुले सकाळीच आले. बाबासाहेबांनी खिशातून टेप काढली आणि मेस्त्रींना बोलावून घेऊन कठडा मोजायला लागले. आण्णांनी घसा साफ केला, काकींच्या नजरेला नजर न देता म्हणाले, “दोघांना जरा गच्चीवर बोलू दे.” काकींच्या भुवया वर गेल्या त्या आम्ही गच्चीवरून येईपर्यंत खाली आल्या नसाव्यात.

अभिनंदन दिसायला चांगला होता. हसरा, स्वच्छ, नाकाडोळ्यांनी नीटस. मी त्याला विचारलं, लग्नाबद्दल त्याला काय वाटतं. तो म्हणाला, घरातले बघतायतच की. धंद्यात काय करायचं आहे? बाबा सांगतील तसं. मुंबई आवडते की गाव? आईला मुंबईचं पाणी सोसत नाही.

“तुम्ही स्वतः निवडलेली एखादी गोष्ट सांगा,” मी म्हणाले. “काहीही.”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. खाली मेस्त्री माप ओरडून सांगत होते, ते ऐकू येत होतं.

“हे घड्याळ,” तो मनगट पुढं करून म्हणाला. मग जरा ओशाळला. “म्हणजे, बाबांनी दोन दाखवलेली. त्यातलं.”

घड्याळ चांगलं होतं. तोही चांगला होता. मला त्याच्याबद्दल मायाच वाटली. पण ताई बोलण्याआधी जशी थांबायची, तसं आयुष्यभर थांबणारं माणूस मला समोर दिसत होतं, आणि आम्ही दोघंही थांबत राहिलो असतो.

खाली आले तशी आण्णांनी मला सैपाकघरात गाठलं. साखर काढून ठेवलेली होती, चांदीच्याच वाटीत.

“कसा वाटला?”

“नको आण्णा.”

“खोट काय हाय त्यात?”

“काही नाही.”

“अगं, खांबात फुगवटा होता, मोराला चोच होती. ह्यात काय हाय ते सांग की!”

“खोट काढता येत नाही,” मी म्हणाले. “पण नको.”

आण्णांनी कपाळावर हात मारला. बाहेर गेले आणि मी त्यांना पाहुण्यांना सांगताना ऐकलं, “पत्रिकेचं गुरुजींना एकदा विचारून कळवतो.” याचा अर्थ मला ठाऊक होता. आमच्याकडं मुलगी नको असली की पत्रिका जुळत नाही, मुलगा नको असला की पत्रिका जुळत नाही. आणि नको म्हणणारी मुलगीच असली, तर पत्रिका महिनाभरानं हमखास जुळते. चौगुले साखर न खाता गेले. आण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. माझ्या चिकित्सकपणाबद्दलही कुणाशी बोलले नाहीत.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दुकानाला जायच्या कपड्यांत फोनपाशी आले आणि निपाणीला ट्रंक कॉल लावला.

“पत्रिकेचं सांगा,” आई हळूच म्हणाली. “कुणाचं मन दुखायला नको. त्रिशलाचंबी नाव खराब व्हायचं नाही.”

आण्णांनी मान हलवली. मी जिन्यात उभी होते. फोन लागायला बराच वेळ लागला.

“हॅलो, बाबासाहेब? मी मगदूम, जयसिंगपूर… नमस्कार… नाही, पत्रिकेचं काही नाही. पत्रिका जुळतीय… छे छे, देण्याघेण्याचं पण नाही.” त्यांनी टोपी सारखी केली. “मुलीला पसंत नाही.”

आईनं पदर तोंडाला लावला. लाइनीवर खरखर फार होती. पलीकडं काही पोचलं नसावं.

“म्हटलं, मुलीला पसंत नाही!… ऐकू येत नाही?… मुलीला!” आण्णांनी दुसऱ्या कानात बोट घातलं, डोळे घट्ट मिटले आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, “आमच्या त्रिशलाला! तुमचा मुलगा! पसंत! नाही!”

गल्लीत धुण्याचे आवाज थांबले. समोरच्या कट्ट्यावर कुगे मास्तरांनी वर्तमानपत्र खाली घेतलं. दूधवाल्यानं सायकलवरून उतरून आमच्या खिडकीकडं बघितलं. मला रडू फुटलं. मला लाज वाटत होती आणि त्याहून कितीतरी जास्त आण्णांचा अभिमान वाटत होता. त्या गावात कुठल्या बापानं हे वाक्य कधी उच्चारलं नव्हतं, आणि आण्णांनी ते चारचौघांत ओरडून सांगितलं होतं.

पलीकडून बाबासाहेब काहीतरी म्हणाले. “व्हय,” आण्णा म्हणाले. “पाठवून देतो की मेस्त्रीला. पत्ता त्याच्याकडं हाय ना तुमचा? बरं. नमस्कार.”

त्यांनी रिसीव्हर ठेवला. चेहरा लालबुंद झाला होता. खिडकीशी जाऊन त्यांनी गल्ली या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग दुकानाच्या किल्ल्या उचलल्या आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, “ऐकू गेलं असंल आता.”